काठाचे दीडशे

गेल्या साली तीन फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी, कडेगाव तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांच्या मळ्यात विहीर खोल करायचा व्यवहार ठरला. रक्कम तीन लाख ऐंशी हजार, त्यातले पंचवीस हजार इसार. हजर माणसं: सुभेदार, चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी, माझा इंजिनवाला यासीन, जतकडचे मायाप्पा आणि बिरा हे दोघे भाऊ, आणि मी. विहीर जुनी, चाळीस फूट खोल. ती आणखी वीस फूट न्यायची होती. सुभेदारांनी इसार मोजून दिला, मी तो परत मोजला. बिरा म्हणाला, "अण्णा, पलटणीतल्या माणसानं मोजल्यालं तुमी परत मोजताय, मग आमच्या हजेरीचं काय हुनार?" सुभेदारसुद्धा हसले.

हे एवढं नीट लिहिण्याचं कारण असं की त्या सहा जणांतला एक पुढच्या सोमवारी गेला, आणि त्याच्या जाण्याविषयी आमच्या भागात निरनिराळं सांगितलं जातं. काही जण मला फार मोठा करतात, काही जण पार काळा करतात. मी जे पाहिलं आणि केलं, तेवढं लिहितो.

माझा धंदा यारीचा. ज्यांनी यारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठावर लोखंडी पायांवर उभा केलेला एक मोठा हात असतो. त्याला तारेचा दोर, दोराच्या टोकाला आकडा, आकड्याला लोखंडी बकेट. मागे डिझेलचं इंजिन. खाली माणसं दगड-मुरूम बकेटीत भरतात, यारी बकेट उचलून बाहेर आणते, वरचा एक जण ती पलटी करतो, आणि रिकामी बकेट पुन्हा खाली जाते. माणसंही त्याच बकेटीतून उतरतात आणि चढतात. यात एक अडचण आहे. इंजिन चालवणाऱ्याला विहिरीचा तळ दिसत नाही आणि तळातल्या माणसाला इंजिन दिसत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये एक माणूस काठावर उभा असतो. तो खाली बघतो आणि मागे सांगतो: उचल, थांब, सोड, हळू. सव्वीस वर्षं हे काम मी केलं.

आमच्या टोळीत सगळ्यांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, आठशे, काठावरच्याची साडेनऊशे. वरच्या दीडशेंना आम्ही 'काठाचे' म्हणतो. यारीचं भाडं वेगळं. ते यारीच्या मालकाला मिळतं, आणि मालक मीच आहे. पण काठाचे पैसे मालकाचे नाहीत, काठावर जो उभा राहील त्याचे. नवा माणूस यावर कुरकुर करतो. घाम खालचे गाळतात आणि जास्त पैसे सावलीत उभा राहणाऱ्याला, हे त्याला पटत नाही. महिनाभर खाली काम केलं की कुरकुर थांबते. डोक्यावर सात-आठ मण दगड दोरावर हेलकावतोय आणि वरून कुणीतरी शांतपणे "बाजूला व्हा रं" म्हणतंय, तेव्हा त्या आवाजाची किंमत कळते. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मुकादम म्हणायचे, "खालच्याला तुजं त्वांड दिसत न्हाई. आवाज तेवढा दिसतू. त्यो हलू द्यायचा न्हाई."

मी तो हलू दिला नाही. पाटणच्या बाजूला एका विहिरीत तीस फुटांवर असताना एका अंगाची दरड सुटायला लागली. तिकडे माती ओली, वरून बघताना चीर रुंद होत गेलेली दिसत होती. खाली चार माणसं. मी "चहा आलाय, दोघं दोघं वर या, आवजारं ऱ्हाऊ द्या" असं सांगितलं. दोन खेपांत चौघे वर आले. त्यांनी चहा कुठाय विचारलं, आणि तेवढ्यात निम्मी विहीर आत बसली. सगळे माझ्या पाया पडायला लागले. मी त्यांना झटकून जीपच्या मागे गेलो आणि उलटी केली. तोंड धुऊन परत आलो. थरथरायचं असेल तर नंतर, आणि एकट्यानं, ही माझी पद्धत होती. धंद्याची हीच रीत असणार असं मी समजत होतो.

या आवाजाची सवय वाईट कशी, ते जतला कळलं होतं. तिथे एका गिऱ्हाइकानं पाणी बघणारे तीन जण बोलावले होते. तिघांनी तीन जागा दाखवल्या. एकाला खरं मानलं तर दोघांचा अपमान होतो म्हणून त्यानं तिन्ही जागांच्या बरोबर मध्ये विहीर घेतली. साठ फुटांपर्यंत ठणठणीत कोरडी. त्याची बायको टँकरचं पाणी भरून आली, घागर खाली ठेवून विहिरीत डोकावली आणि मला म्हणाली, "अण्णा, आता काय वं?" तळाचा काळा पाषाण मला दिसत होता. तरी मी म्हणालो, "लागंल वैनी, अजून पाच फूट." त्यांनी आणखी पाच फुटांचे पैसे दिले. पाणी लागलं नाही. मला खोटं बोलायचं नव्हतं. समोरचा घाबरला की माझ्या तोंडून धीराचं आपोआपच निघत असे.

आता हवेविषयी. जुन्या, खोल विहिरीत हवा कुजते. आमच्यात त्याला 'वारा धरला' म्हणतात. त्यासाठी नेम असा की सकाळी पहिला माणूस उतरायच्या आधी पेटता कंदील दोरीने तळाशी सोडायचा. कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही. मग बकेटीला कडुलिंबाचे डहाळे बांधून ती तासभर वर-खाली करायची, पाणी शिंपडायचं आणि पुन्हा कंदील सोडायचा. दोन वेळा माझा कंदील विझला आहे, आणि दोन्ही वेळा मी काम बंद ठेवलं आहे. आमच्या धंद्यात विहिरीत एक माणूस पडला की सहसा दोन किंवा तीन मरतात. पहिला वाऱ्याने पडतो. दुसरा त्याला काढायला उतरतो. तिसरा त्या दोघांना. बहुतेक वेळा ती माणसं एकाच घरातली असतात. हे यारीवर काम करणारा प्रत्येक जण ऐकून असतो.

सुभेदारांच्या विहिरीत पंचवीस फुटांवर एक टप्पा होता, दोन माणसं झोपतील एवढा रुंद. खाली पाझर चांगला होता, त्यामुळे रात्रीत तळाला पाणी साठायचं आणि सकाळी उपसावं लागायचं. पंप वरून पाणी ओढतो तो साधारण पंचवीस फुटांपर्यंतच. त्याहून खोल असेल तर पंपच खाली न्यावा लागतो. त्या आठवड्यात मोटारीची लाईट धड मिळत नव्हती. म्हणून सुभेदारांचं पेट्रोलवरचं छोटं इंजिन आम्ही टप्प्यावर ठेवलं होतं. अशी इंजिनं टप्प्यावर ठेवून पाणी उपसणं आमच्या भागात सगळेच करतात. मी स्वतः कितीतरी विहिरींवर केलं होतं. नेम एवढाच की इंजिन बंद झाल्यावर थांबायचं आणि कंदील सोडायचा.

सोमवारी, दहा तारखेला, सकाळी आम्ही मळ्यात पोचलो. मळ्यात वस्तीला असलेल्या टोळीतल्या एकाने पहाटे दोराने उतरून इंजिन चालू केलं होतं, आणि ते पेट्रोल संपून नुकतंच बंद पडलं होतं. आम्ही चहा घेतला, थांबलो. मग मी कंदील सोडला. टप्प्यापाशी धरला, तिथून तळाला नेला, परत टप्प्यापाशी आणला. ज्योत सरळ होती. कंदील वर घेतला, पुन्हा सोडला. ज्योत सरळ. मी बिराला बकेटीत बसवलं. काम पाच मिनिटांचं होतं: टप्प्यावर उतरायचं, इंजिनाला दोर बांधायचा, ते वर घेण्यासाठी आकड्याला लावायचं. जाताना तो कंदिलाकडे बघून म्हणाला, "झ्याक जळतुया अण्णा. आज सुभेदारांच्या मिशीला भिऊन वारा बी पळालाय."

तो टप्प्यावर उतरला. बकेट बाजूला केली. इंजिनापाशी वाकला, आणि मग खाली बसला. विडी पेटवायला माणूस टेकतो तसा, भिंतीला पाठ लावून. मी म्हणालो, "बिरा, बसलास का?" त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. मग मान छातीवर आली.

मायाप्पा माझ्या शेजारीच होता. तो भावापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बिराला टोळीत त्यानेच आणलं होतं. त्याने क्षणभर बघितलं आणि दोराला हात घातला. मी त्याला कमरेत धरलं. तो मेंढरं उचलून वाढलेला गडी, माझ्या एकट्याने आवरणारा नव्हता. टोळीतले आणखी दोघे धावले. यासीनला मी शेजारच्या शिवारात पिटाळलं. तिथे सुरुंगाची भोकं पाडणारा कंप्रेसरचा ट्रॅक्टर होता. त्याच्या नळीने खाली चांगली हवा सोडता येईल हे मला सुचलं. ते सुचलं याचं आज लोक कौतुक करतात. मला मात्र तो ट्रॅक्टर यायला अर्धा तास लागला, एवढंच आठवतं.

सुभेदार धोतराचा काचा मारून पुढे आले. "मी उतरतो. नाकाला ओलं फडकं बांधतो." त्यांचं वय एकसष्ट. मी म्हणालो, "सुभेदार, फडक्याने काही होत नाही. तुम्ही पडलात तर मला दोन माणसं काढायला लागतील." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हुकूम ऐकायची सवय त्यांना होती हे बरं झालं. ते थांबले. मग मायाप्पाने त्याला धरणाऱ्या आम्हा तिघांनाही एका हिसक्यात ओढत काठापर्यंत नेलं, आणि मी म्हणालो, "बांधा त्याला."

यारीच्या पायाला त्याला बांधला. गाठ सुभेदारांनी मारली.

तो पाय काठापासून हात-दीड हातावर. तिथून टप्पा दिसतो. त्याचं तोंड दुसरीकडे करून बांधावं हे त्या वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आधी तो मला अहो-जाहो करत होता. "अण्णा, सोडा मला. पाया पडतू." मग म्हणाला, "सोड. तुजं कोन हाय तितं?" अकरा वर्षांत तो मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होता.

मी म्हणालो, "माझं कोण न्हाई. पण तुला सोडत न्हाई."

नंतर मी त्याच्याकडे वळून बघितलं नाही. यासीनच्या जागी इंजिनावर टोळीतल्या एकाला बसवलं, आकडा खाली सोडला आणि हाताने तार हलवत तो बिराच्या पट्ट्यात अडकवायचा प्रयत्न केला. दोनदा आकडा त्याच्या सदऱ्याला लागला, आणि बिरा टप्प्याच्या कडेकडे सरकला. पाण्यात पडेल म्हणून मी आकडा वर घेतला. रिकामी बकेट वर-खाली करून हवा हलवायला लावली. आणि हाक मारत राहिलो. "बिरा, मान वर कर. मी हाय हितं. मान वर कर, बिरा." पंचवीस फूट म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून अंगण. त्याच्या डोक्यावरचा टॉवेल दिसत होता, पायातली एक चप्पल निघालेली दिसत होती. माझा आवाज हलला नाही. सुभेदारांच्या पत्नी नंतर म्हणाल्या की दावणीच्या जनावराला हाक मारावी तसा तो ऐकू येत होता. आवाजात काही फरकच नव्हता म्हणून त्यांना वाटलं, पोरगं नक्की उठणार.

ट्रॅक्टर आला, नळी सोडली, हवा बराच वेळ जोरात मारली. मग कमरेला दोर बांधून मी उतरलो. हाकेला ओ दिली नाही तर ओढा, असं सांगितलं होतं. बिराला बकेटीत घेतला आणि त्याला धरून वर आलो. अंग कोमट होतं. तेवढ्यावर मी वर येईपर्यंत त्याच्याशी बोलत होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हवेची जागा तो घेतो. कंदिलाला तो कळत नाही. विहिरीत तो वायू भरलेला असला तरी ज्योत सरळ जळते. मी कंदिलाविषयी पुन्हा पुन्हा विचारत होतो, तेव्हा ते म्हणाले, "तुमचा कंदील खोटा नाही. तो दुसऱ्या वाऱ्यासाठी आहे." माझ्या मुकादमांना हे माहीत नव्हतं, त्यांच्या मुकादमांनाही नसणार. त्यांच्या काळात विहिरीत इंजिन नव्हतं. आम्ही इंजिन नवं घेतलं आणि कंदील जुनाच ठेवला.

मी विचारलं, "पहिल्या पाच मिनिटांत कोणी उतरून त्याला काढलं असतं तर?"

डॉक्टर म्हणाले, "कदाचित वाचला असता." मग म्हणाले, "उतरणारा वर आला असता असं मात्र मी सांगू शकत नाही."

मला या दोन वाक्यांपैकी एकच हवं होतं. दोन्ही बरोबर घेऊन मी जतला गेलो.

पुढचे दिवस सगळं मी बघितलं. पंचनामा, गाडी, लाकडं, पाहुण्यांचं जेवण. बिराची बायको सुशीला माझ्यासमोर येऊन बसली आणि तो शेवटी काय बोलला ते तिने विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं, मिशीच्या थट्टेसकट. ती म्हणाली, "म्हंजे हासत गेला." मी व्हय म्हणालो. सुभेदारांनी विहीर आहे तेवढ्यावरच थांबवली आणि सुशीलाच्या नावाने दोन लाख बँकेत ठेवले. एक लाख मी ठेवले. या रकमा कमी आहेत हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं आणि तिलाही. दहाव्याला जो तो म्हणत होता, अण्णा होते म्हणून निभावलं. मायाप्पा डोकं भादरून कोपऱ्यात बसला होता. तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या दंडांवर दोराचे वळ होते. मी रडलो नाही. जीपच्या मागेही गेलो नाही, कारण या वेळी काही बाहेर येतच नव्हतं.

महिन्याभराने पुढचं काम धरलं. टोळीची पोटं होती, यारीचे हप्ते होते. मायाप्पा आला नाही. तो घरची मेंढरं घेऊन फिरत होता. त्याच्या जागी दुसरे दोघे घेतले. विहिरीत इंजिन उतरवणं कायमचं बंद केलं. पहिल्या सकाळी कंदील सोडला, नळीने हवा मारली, माणसं बकेटीत बसली. बकेट माझ्या पायांच्या खाली गेली, आणि मला "सोड" म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. यासीन माझ्याकडे बघत थांबला. माणसं मध्येच लटकत राहिली. मी हाताने खूण केली.

घसा बसला असेल म्हणून डॉक्टरांकडे गेलो. घसा स्वच्छ होता. घरी बोलता येत होतं, दुकानात येत होतं, फोनवर दर ठरवताना तर नको एवढं येत होतं. काठावर उभा राहून खाली माणूस दिसला की बंद. मी कुणाला सांगितलं नाही. कराडच्या बाजारातून शिट्टी आणली आणि टोळीला सांगितलं की आता सगळीकडे शिट्टीवरच काम चालतं. एक शिट्टी उचल, दोन थांब, तीन सोड. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी दुपारी खालची चौघंही वर आली आणि भाकरी खाऊन बसून राहिली. मी उठा म्हणालो, तर त्यांच्यातला थोरला म्हणाला, "अण्णा, शिट्टी कुनाची बी असती. वर तुमी हाय का न्हाई ते आमाला कसं कळायचं?"

त्या दिवशी मी लवकर घरी आलो. माझी बायको मंदा धान्य पाखडत होती. मी तिला सांगितलं की काठावर माझ्या तोंडून आवाज निघत नाही. सव्वीस वर्षांत धंद्यातलं मी तिला आकड्यांपलीकडे काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "झोपंत तर रोज हाका मारताय त्याला. सगळी आळी ऐकतीया." मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुमी कवा इचारलं? गावाचा धीर तुमी. आमी आपलं सूप घिऊन बसायचं." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "काम सोडू नका. पर काठ सोडा. तुमी लोखंडाचं न्हाई, यारी लोखंडाची हाय." ती हे माझी समजूत काढायला म्हणाली नाही. चिडून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी जतला गेलो. मायाप्पा गावाबाहेरच्या माळावर मेंढरं घेऊन होता. मला लांबून बघितलं तरी तो उठला नाही. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते मोटारसायकलवर ठरवून गेलो होतो, की तुला बांधायला मी सांगितलं, ते बरोबर होतं, पण मला माफ कर. त्यातलं काहीच तोंडातून बाहेर आलं नाही. मी म्हणालो, "मायाप्पा, माझ्याच्यानं आता काठावर हुबं ऱ्हाववत न्हाई."

तो मेंढरांकडे बघतच म्हणाला, "अण्णा, गाठ ढिली हुती."

मला कळलं नाही.

"सुभेदारांनी मारल्याली गाठ. डावा हात माजा सुटला हुता. पार मनगटापातूर भायेर काडला हुता म्या." त्याने हात पुढे करून दाखवला. "मला सुटता आलं असतं. तुमी पाठमोरं हुता, हाका मारत हुता. म्या त्येला बगितलं, खाली. आनि हात परत आत घातला."

त्याने हात मागे घेतला.

"समदी म्हंत्यात, मायाप्पाला बांदला म्हनून, न्हाईतर भावासंगं गेला असता. सुशीला बी म्हंती. म्या व्हय म्हंतू. तुमाला शिव्या घालत हुतो, तवा बी हात आतच धरला हुता."

त्याला धीर देणारं काहीतरी माझ्या तोंडाशी आलं, जतच्या त्या बाईला 'अजून पाच फूट' म्हणालो होतो तसलं. ते मी गिळलं. म्हणालो, "मी तिसऱ्यांदा आकडा सोडला न्हाई. पान्यात पडंल म्हनून. पर हात बी दमलं हुतं."

मग आम्ही दोघेही रडलो. एकमेकांकडे न बघता, मेंढरांकडे तोंड करून. पुढे शिकवण्यासारखं काही झालं नाही. बिरा परत आला नाही, आणि आमच्यापैकी कुणाचं ओझं हलकं झालं असंही मी लिहिणार नाही. जे मला वाटत होतं फक्त माझ्याकडे आहे, ते दुसऱ्याकडेही निघालं, एवढंच झालं. निघताना त्याने विचारलं, "काठावर कोन हाय सद्या?" मी शिट्टीचं सांगितलं. तो पहिल्यांदा थोडा हसला. "शिट्टी? बिरा आसता तर खालनं पिपानी वाजीवली आसती."

चार दिवसांनी तो आला.

तो काठावर उभा राहिला आणि मी बकेट पलटी करायच्या जागी, मुरुमाच्या ढिगाशेजारी. त्याच्या पहिल्या हाकेचा आवाज हलला. खालपर्यंत हलला. मी पुढे व्हायला निघालो, तेवढ्यात त्याने खाली वाकून सांगितलं, "मला भ्या वाटतंय रं. सावकास घ्या. म्या थांब म्हनलं की थांबायचं." मला वाटलं, आता सगळे घाबरून वर येतील. माझ्या मुकादमांनी त्याला तिथल्या तिथे काठावरून हाकलला असता. पण खालून कुणीतरी "व्हय मायाप्पा" म्हणालं, आणि बकेट हळूहळू खाली गेली. त्या दिवशी नेहमीपेक्षा निम्म्या बकेटी निघाल्या. पुढच्या दिवशी थोड्या जास्त. अजूनही माझ्या काळाएवढ्या निघत नाहीत. मी दर त्याप्रमाणे वाढवले आहेत, नळीच्या हवेचा खर्चही धरला आहे, आणि त्यामुळे दोन कामं हातची गेली.

मला अजून काठावर जाववत नाही. ढिगापासून काठ सहा-सात हातांवर आहे. वर आलेली बकेट मी ओढून घेतो आणि पलटी करतो. आत वाकून बघत नाही. खाली कोण आहे ते मला मायाप्पाच्या आवाजावरून कळतं, आणि त्याला किती भीती वाटतेय तेही.

हजेरी आता तोच वाटतो. यंदा हंगामाच्या शेवटच्या शनिवारी, जतच्या विहिरीवर, सहा दिवसांचे पैसे त्याने वाटले. हजर टोळीतले सगळे आणि मी. खालच्या चौघांना प्रत्येकी चार हजार आठशे. यासीनला तेवढेच. मग त्याने माझ्या हातावर चार हजार आठशे ठेवले, काठाचे सहा दिवसांचे नऊशे बाजूला काढून स्वतःच्या पैशांत मिळवले, आणि म्हणाला, "मोजा, अण्णा."

मी मोजले. बरोबर भरले. त्यावर कुणी काही बोललं नाही.